नर्सिंग लायसन्स, बोर्डाचं पत्र आणि मॉनिटरिंग प्रोग्रॅम: सही करावी का? (अमेरिका)

सोनटक्का, ३ मार्च, रात्री ११:४२

माझ्या नेहमीच्या आयडीवरून मला ओळखणारे इथे बरेच आहेत, म्हणून नवा आयडी घेतला आहे. समजून घ्या.

मी अमेरिकेत आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे. नऊ वर्षं एकाच हॉस्पिटलमध्ये, सर्जरीनंतरच्या पेशंटांचा वॉर्ड, बहुतेक रात्रपाळ्याच. जानेवारीत आमच्या युनिटवर औषधांच्या मशीनचं ऑडिट झालं. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हायड्रोमॉर्फोन या तीव्र वेदनाशामकाची व्हायल दोन मिलिग्रॅमची असते आणि डॉक्टरांची ऑर्डर असते अर्ध्या मिलिग्रॅमची. उरलेलं दीड मिलिग्रॅम दुसऱ्या नर्सच्या डोळ्यांदेखत टाकून द्यायचं आणि दोघींनी मशीनवर बोट लावून नोंद करायची. याला वेस्ट करणं म्हणतात. तीन महिन्यांत माझ्या नावावरच्या अकरा वेस्टची नोंद सापडली नाही.

मॅनेजरने आत बोलावलं, एचआरची बाई आधीच बसलेली होती. तिथल्या तिथे युरिन टेस्ट. त्यात हायड्रोकोडोन आणि हायड्रोमॉर्फोन, दोन्ही आलं. नवऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गोळ्या घरात उरल्या होत्या. माझी पाठ धरली होती म्हणून त्यातली एकच गोळी आदल्या दिवशी घेतली होती. माझ्या नावाचं प्रिस्क्रिप्शन नाही. नोकरी त्याच दिवशी गेली.

आता राज्याच्या नर्सिंग बोर्डाचं, म्हणजे लायसन्स देणाऱ्या संस्थेचं, पत्र आलंय. एक तर मॉनिटरिंग प्रोग्रॅमचा तीन वर्षांचा करार, नाहीतर रीतसर चौकशी. उत्तराला चौदा दिवस. नवरा म्हणतो सही कर आणि मोकळी हो. पुण्याहून भाऊ म्हणतो, सही केलीस तर आपल्या हाताने कबुली दिल्यासारखं होईल. मी व्यसनी नाही. मुलीला शाळेत सोडून येते आणि दिवसभर तो कागद टेबलावर तसाच असतो.

कोणी या प्रोग्रॅममधून गेलं आहे का? मोकळेपणाने सांगा.

चिंचगुळ, ४ मार्च

मी नर्स नाही, पण वाचून पोटात गोळा आला. जाणकार लिहितीलच. तोवर ताई, जेवत जा वेळेवर.

टेक्सासकर, ४ मार्च

मी नर्स मॅनेजर आहे आणि आजवर प्रोग्रॅममधल्या चार नर्सेसची वर्कसाइट मॉनिटर, म्हणजे कामावर देखरेख ठेवणारी, होते, म्हणून टेबलाच्या त्या बाजूने लिहिते.

पूर्वी अशा नर्सला सरळ शिक्षा व्हायची. लायसन्स निलंबित किंवा रद्द, नाव जाहीर, संपलं. १९८३ साली फ्लोरिडाने पहिल्यांदा शिक्षेऐवजी उपचार आणि देखरेख असा मार्ग कायद्यात आणला आणि पुढे बहुतेक राज्यांनी तो घेतला. नावं आणि तपशील राज्यागणिक वेगळे. कुठे बोर्ड स्वतः चालवतं, कुठे नर्सेसच्या संघटनेशी जोडलेली संस्था, कुठे बाहेरची कंपनी. गाभा सगळीकडे तोच आहे. आधी मूल्यमापन, गरज असेल तर उपचार, मग ठरावीक वर्षं अचानक होणाऱ्या टेस्ट, सपोर्ट ग्रुप, आणि कामावर परतल्यावर काही बंधनं. सुरुवातीचे महिने नार्कोटिक्सची (अफूच्या वर्गातल्या वेदनाशामकांची) चावी नाही, रात्रपाळी नाही, ओव्हरटाइम नाही, दुसऱ्या युनिटवर पाठवणं नाही. मॉनिटरने दर तीन महिन्यांनी रिपोर्ट भरायचा.

माझ्या चारपैकी तिघी आज कामावर आहेत, त्यातली एक चार्ज नर्स आहे. चौथी दुसऱ्याच वर्षी सोडून गेली.

एक विचारते, राग मानू नका. रात्रपाळीत साक्षीदार मिळत नाही हे मला माहीत आहे. एकीकडे कोड (हृदय बंद पडलेल्या पेशंटची धावपळ) चालू असतो, दुसरीकडे पेशंट ओरडत असतो, वेस्ट राहून जातो. पण तीन महिन्यांत अकरा म्हणजे ऑडिटला डोळे मिटता येत नाहीत. हे तुमच्या वकिलाला नीट समजावून सांगा. इथे नको.

कडूनिंब, ४ मार्च

टेक्सासकर यांनी चांगली बाजू लिहिली, आता मी दुसरी लिहितो. मी पुरुष नर्स, राज्याचं नाव सांगत नाही. एका लग्नाहून परत येताना दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली. ड्यूटी नव्हती, पेशंटचा संबंध नव्हता. नियमाप्रमाणे मीच बोर्डाला कळवलं. त्यांनी प्रोग्रॅमकडे पाठवलं, मूल्यमापन करणाऱ्याने चाळीस मिनिटांत शिक्का मारला, आणि मी चार वर्षांच्या करारावर घाबरून सही केली.

रोज सकाळी अॅपवर चेक-इन. नंबर लागला तर त्या दिवशी लॅब गाठायची, ड्यूटी असो, मुलाचा ताप असो. टेस्टचे पैसे आपले, माझे महिन्याला कधी दोनशे तर कधी चारशे डॉलर जायचे. पहिले सात महिने नोकरीच नव्हती, कारण 'नार्कोटिक्स देता येणार नाहीत' हे वाक्य ऐकलं की मुलाखत तिथेच संपायची. अल्कोहोलची ईटीजी टेस्ट तीन-चार दिवसांपूर्वीचं पकडते, आणि इतकी नाजूक असते की माउथवॉश, कफ सिरप, वारंवार लावलेलं हँड सॅनिटायझर यांनीही वर जाऊ शकते. नर्सचं काम सॅनिटायझरशिवाय होतं का? नुसत्या ईटीजीच्या आकड्यावर कारवाई करू नका असा इशारा अमेरिकन सरकारच्याच आरोग्य विभागाने २००६ साली दिला होता. माझा एक रिपोर्ट असा सीमारेषेवर आला आणि मला तीन आठवडे कामावरून बसवलं. शेवटी पीईटीएच ही रक्ताची टेस्ट स्वखर्चाने केली. ती दोन ते चार आठवड्यांचं पिणं दाखवते. ती स्वच्छ आली तेव्हा सुटलो.

आणि वडील. सांगलीला ते शेवटच्या अवस्थेत होते. परदेशी जायची परवानगी मागितली, कागद फिरत राहिले. परवानगी आली त्याच्या आदल्या रात्री भावाचा फोन आला. याहून जास्त लिहवत नाही.

माझ्यासारख्याला ज्याची गरज नव्हती ते चार वर्षं गळ्यात बांधलं. सोनटक्का, घाईने सही करू नका.

चिंचगुळ, ४ मार्च

कडूनिंब, वडिलांचं वाचून काही सुचेना.

निशिगंधा_के, ५ मार्च

कडूनिंब, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं आणि तुमचा राग रास्त आहे. तरी मी उलटं लिहिणार आहे, कारण प्रोग्रॅम नसता तर मी आज नसते.

आयसीयूत होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढे काय झालं ते इथे सविस्तर लिहीत नाही. इतकंच सांगते की घरी कोणाला कळलं नव्हतं. नवरा डॉक्टर, त्यालाही नाही. ज्या दिवशी पकडले गेले त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसून मी किती वेळ रडले कोण जाणे, पण त्या रडण्यात अर्धी सुटका होती. आता खोटं बोलावं लागणार नव्हतं.

तीन महिने उपचार, मग करार. सकाळी पाच वाजता उठून चेक-इन. 'आज टेस्ट नाही' हे वाक्य दिसलं की चहा टाकायचा. टेस्ट असली की आधी लॅब, मग चहा, कारण पाणी-चहा जास्त झाला तर लघवी पातळ येते. क्रिएटिनिन वीसच्या खाली गेलं की रिपोर्टवर 'डायल्यूट' असा शेरा पडतो आणि पुन्हा चौकशी. एकदा नवरात्रात नारळपाणी आणि ताकावर दिवस काढला आणि नेमका दुसऱ्या दिवशी नंबर लागला. तेव्हापासून उपवास बंद. देवीला सांगितलं, यंदा एवढं चालवून घे.

मला कोणी विचारलं की तुला कशाने वाचवलं, तर मी त्या अॅपचं नाव घेईन. ज्या दिवशी घ्यावंसं वाटायचं त्या दिवशी 'उद्या नंबर लागला तर' एवढा एकच विचार मध्ये उभा राहायचा. पहिल्या वर्षी माझ्याकडे दुसरं बळ नव्हतं. सपोर्ट ग्रुप, स्पॉन्सर, समजूत हे सगळं नंतर आलं.

डॉक्टरांच्या अशाच प्रोग्रॅमचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सोळा राज्यांतले ९०४ डॉक्टर. पाच वर्षांनी ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त लायसन्ससह कामावर होते. व्यसनाच्या इतर कुठल्या उपचारात असे आकडे सहसा दिसत नाहीत.

सोनटक्का ताई, मला फक्त एक विचारायचंय, आणि उत्तर इथे देऊ नका. स्वतःलाच द्या. ती गोळी खरंच एकच होती?

कडूनिंब, ५ मार्च

हा प्रश्नच मला खटकतो. एखादीने 'मी व्यसनी नाही' म्हटलं की तोच व्यसनाचा पुरावा धरायचा, मग माणसाने बोलायचं तरी काय? माझ्या मूल्यमापनात नेमकं हेच झालं. 'नाही' म्हटलं तर म्हणे नकाराच्या अवस्थेत आहात.

निशिगंधा_के, ५ मार्च

मान्य. म्हणूनच म्हटलं, उत्तर मला देऊ नका.

दीपस्तंभ, ५ मार्च

लायसन्सच्या केसेस घेणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात बारा वर्षं काम करते आहे. मी वकील नाही आणि हा सल्ला म्हणून घेऊ नका. पण रोज जे बघते ते लिहिते.

पहिली गोष्ट. सोनटक्का, केसचे तपशील इथे किंवा कुठेही लिहिणं आजपासून बंद करा. आकडे, औषधाची नावं, तारखा, काही नाही. बोर्डाच्या तपासनीसाशी फोनवर गोड बोलून 'माझी बाजू सांगते' असंही करू नका. तो माणूस सज्जन असेल, पण त्याचं काम फाइल पूर्ण करणं आहे.

बहुतेक नर्सेसच्या लक्षात राहत नाही ती दुसरी गोष्ट. तुमची स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी (कामातल्या चुकीच्या दाव्यांचा विमा) आहे का? हॉस्पिटलची नव्हे, तुम्ही वर्षाला पैसे भरता ती. अशा बऱ्याच पॉलिसींमध्ये लायसन्स वाचवण्याच्या वकिलाचा खर्च असतो. आजच कागद काढा.

कराराची छोटी अक्षरं वाचा. अनेक करारांत कबुली लिहिलेली असते, आणि प्रोग्रॅम अर्धवट सोडला तर तीच कबुली शिक्षेच्या सुनावणीत तुमच्यापुढे ठेवली जाते. पण चौकशीचा मार्ग घेऊन दोषी ठरलात तर ती कारवाई नर्सिस या लायसन्स तपासायच्या वेबसाइटवर जाहीर होते, कुठलंही हॉस्पिटल दोन मिनिटांत बघतं. प्रोग्रॅम बहुतेक राज्यांत गोपनीय असतो, त्याचा खरा फायदा हा. दोन्हीकडे किंमत आहे, कुठली परवडते ते वकिलासोबत बसून ठरवा.

कॉम्पॅक्ट लायसन्स असेल तर तेही लक्षात घ्या. २०१८ पासूनच्या नियमांत अशा प्रोग्रॅममध्ये असलेल्या नर्सला अनेक राज्यांत चालणारं लायसन्स ठेवता येत नाही, ते एका राज्यापुरतं होतं. ट्रॅव्हल नर्सिंग त्या काळात विसरायचं. आणि नोकरीबरोबर विमा गेला असेल तर कोब्रासाठी, म्हणजे तोच विमा स्वखर्चाने चालू ठेवायला, साठ दिवस असतात. उपचारांची वेळ आली तर विमा लागेलच.

आता टेस्टबद्दल. हायड्रोकोडोन घेतलं की यकृतात त्याचं थोडं हायड्रोमॉर्फोन होतं. म्हणजे फक्त गोळी घेतलेल्या माणसाच्या लघवीतही दोन्ही दिसू शकतात, साधारणपणे हायड्रोमॉर्फोन कमी प्रमाणात. रिपोर्टमधले आकडे काय आहेत हे विषतज्ज्ञाला दाखवायला हवं. तो रिपोर्ट बघून कोणी लगेच 'व्हायलमधलं घेतलं' असं ठरवलं असेल तर ते घाईचं आहे. मात्र प्रिस्क्रिप्शन नसताना दुसऱ्याची गोळी घेतली हा मुद्दा त्यामुळे पुसला जात नाही.

टेक्सासकर, ५ मार्च

हे हायड्रोमॉर्फोनचं मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. प्रिंट काढून ठेवते.

मुंगीघाट, ६ मार्च

मी नर्स नाही. सगळे नर्सची बाजू लिहिताहेत, म्हणून पेशंटच्या बाजूने दोन शब्द.

माझ्या आईला इथे हाडाचा कॅन्सर होता. शेवटच्या महिन्यात एका पाळीत तिला इंजेक्शन देऊनही दुखणं थांबायचं नाही, ठरावीक पाळीतच. आम्हाला वाटायचं आजार वाढतोय. पुढे काही सिद्ध झालं नाही, कोणाचं नाव घेत नाही. पण आई रात्रभर माझा हात दाबून धरायची, ते बोटांचे वळ अजून आठवतात. २०१२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झिटरला एका टेक्निशियनने फेंटानिलच्या सिरिंज चोरून वापरल्या आणि पेशंटांना हिपॅटायटिस सी झाला. त्याआधी तो कितीतरी हॉस्पिटलं बदलत आला होता, काहींनी नुसतं काढून टाकलं. त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली.

नर्सला मदत मिळावी, जरूर मिळावी. पण 'बिचारी' म्हणताना पलंगावरच्या माणसाला विसरू नका.

निशिगंधा_के, ६ मार्च

मुंगीघाट, तुमची पोस्ट तीनदा वाचली. तुमच्या आईची क्षमा मागायचा मला अधिकार नाही. मी ज्या पेशंटांची काळजी घेत होते त्यांची आठवण रोज येते.

तुमच्या उदाहरणातच प्रोग्रॅमचं कारण आहे. नुसतं काढून टाकलं की तो माणूस पुढच्या हॉस्पिटलात जातो. शिक्षेची भीती मोठी असली की शेजारची नर्सही तोंड उघडत नाही, मैत्रिणीचं आयुष्य जाईल म्हणून. माझी तक्रार माझ्याच मैत्रिणीने केली होती, कारण प्रोग्रॅम आहे हे तिला माहीत होतं. आज ती माझ्या मुलीची मावशी आहे.

वऱ्हाडी_सिस्टर, ६ मार्च

मी महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयात सिस्टर इनचार्ज. आमच्याकडे मशीन नाही, दोन कुलपांचं कपाट आहे. चावी पाळीच्या इनचार्जच्या कमरेला, आणि दर पाळीला मोजून हँडओव्हर. रिकामी अँप्यूल परत केल्याशिवाय नवीन मिळत नाही. फुटली तर काचा गोळा करून कागदात बांधून द्यायच्या, रजिस्टरला सही. तुमच्या मशीनपेक्षा आमचं रजिस्टर कडक आहे असं वाटून राहिलं मला.

पण कोणी सिस्टर अडकली तर घरचे लपवतात, आम्हीही लपवतो. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे आपण ऐकत आलो. आजार म्हणतो, पण सिस्टरला झाला की बोलत नाही कोणी.

पारिजात_एनजे, ७ मार्च

विषय थोडा बाजूला जातोय, पण निशिगंधा ताईंनी नवरात्राचं लिहिलं म्हणून. मैत्रीण प्रोग्रॅममध्ये आहे. तिच्या करारात खसखस खायची नाही असं चक्क लिहिलंय! हे खरं असतं?

निशिगंधा_के, ७ मार्च

अगदी खरं. खसखस अफूच्याच बोंडातली. बी स्वच्छ धुतलेलं नसेल तर वरच्या चिकाचा अंश राहतो आणि टेस्टमध्ये मॉर्फिन, कोडीन दिसतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२३ मध्ये सैनिकांनाही खसखस टाळा म्हणून सांगितलं होतं.

पहिल्या दिवाळीत सासूबाईंनी इंडियाहून अनारसे पाठवले. डबा उघडला, वर पांढरी खसखस मोत्यांसारखी. मी डबा बंद करून फ्रीजवर ठेवला आणि चार दिवस त्याच्याकडे बघत होते. त्यांना कारण सांगता येत नव्हतं. शेवटी नवऱ्याने सगळे अनारसे एकट्याने संपवले आणि दोन किलो वाढला. करार संपला त्या वर्षी मात्र मी सहा खाल्ले.

चिंचगुळ, ७ मार्च

दोन किलो म्हणजे खरं प्रेम.

कडूनिंब, ७ मार्च

यात भर घालतो. आपल्या लोकांनी आणखी सांभाळायचं म्हणजे आसवं आणि अरिष्टं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, या सगळ्यांत आंबवून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर लिहिलेलंही असतं. होमिओपॅथीचे थेंब अल्कोहोलमध्येच असतात. इंडियाहून आणलेली कोडीनची खोकल्याची बाटली तर घरातही ठेवू नका. आईने दिलेलं औषध ही सबब तिथे चालत नाही, मी वापरून पाहिली आहे.

दीपस्तंभ, ८ मार्च

खसखशीवरून मूळ मुद्द्याकडे. कोणाला ओपिऑइडच्या (अफूच्या वर्गातल्या औषधांच्या) व्यसनावर ब्यूप्रेनॉर्फिन चालू असेल तर त्यांनी हे वाचा. कितीतरी प्रोग्रॅम 'आधी ते औषध बंद करा' म्हणायचे. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने इंडियाना राज्याच्या नर्सिंग बोर्डाबद्दल निष्कर्ष दिला की डॉक्टरने लिहून दिलेलं हे औषध घेणाऱ्या नर्सला प्रोग्रॅममधून वगळणं अपंगत्वाच्या कायद्याचा, म्हणजे एडीएचा, भंग आहे. कोणी औषध सोडायला लावलं तर आधी वकिलाला फोन करा. औषध अचानक सोडून माणसं मेली आहेत.

आणि सोनटक्का, चार दिवस तुमचा आवाज नाही. बऱ्या आहात ना? या पत्रांच्या काळात भलते विचार येतात, मी पाहिलं आहे. तसं वाटलं तर ९८८ या मदतीच्या नंबरवर फोन किंवा मेसेज करा, चोवीस तास कोणीतरी उचलतं. मला विपु (वैयक्तिक निरोप) केली तरी चालेल.

सोनटक्का, १२ मार्च, पहाटे ४:१०

बरी आहे. वाचत होते सगळं.

पॉलिसी होती, विसरले होते. वकील मिळाल्या, परवा दीड तास बोलले. दीपस्तंभ यांचं ऐकून वेस्टबद्दल आता इथे एक अक्षर लिहिणार नाही.

निशिगंधा ताईंचा प्रश्न वाचला तेव्हा आधी फार राग आला. कडूनिंबांचं उत्तर वाचून बरं वाटलं, मग वाटलं की एवढं बरं का वाटतंय. वकिलांनी मूल्यमापनात काय विचारतात ते दाखवलं. व्यसनाच्या निदानाचे अकरा निकष असतात. दोन-तीन जुळले तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त तीव्र. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलीची पेन्सिल घेऊन बसले. ठरवल्यापेक्षा जास्त घेतलं का? सोडायचा प्रयत्न करून जमलं नाही का? घ्यावंसं तीव्रतेने वाटतं का? सहाव्या खुणेला पेन्सिलचं टोक मोडलं. मी दुसरी शोधायला उठले नाही.

पहिल्या पोस्टमधला 'एकच' हा शब्द मागे घेते.

नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. उजाडलं की सांगणार आहे, म्हणून जागी आहे.

निशिगंधा_के, १२ मार्च

मी पण जागी आहे. विपु केली आहे.

टेक्सासकर, १२ मार्च

सोनटक्का, नवऱ्याला सांगताना ताब्यात घेतलेल्या गुन्हेगारासारखं नाही, आजारी माणसासारखं सांगा. आणि अचानक सगळं बंद करू नका, आजच डॉक्टर गाठा.

कडूनिंब, १२ मार्च

माझं म्हणणं माझ्या केसपुरतं मी बदलत नाही. तुमच्या बाबतीत मात्र मी घाईने बोललो. सही करा किंवा नका करू, उपचार आधी घ्या. आणि परदेशी जायची वेळ येईल असं कोणी घरी आजारी असेल तर परवानगीचा अर्ज आधीच करून ठेवा, त्यांच्या भरवशावर राहू नका. नमुना अर्ज माझ्याकडे आहे, पाठवतो.

मुंगीघाट, १३ मार्च

तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार. मला कोणी असं खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सोनटक्का, २१ जुलै

धागा वर काढते आहे, कारण विपुत बरेच जण विचारत आहेत.

नवऱ्याला सांगितलं. तो गप्प बसला, मग उठून बाथरूममधलं कपाट रिकामं करायला लागला, माझी डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा टाकून दिली. आठवडाभर बोलत नव्हता. आता मीटिंगला सोडायला येतो आणि बाहेर गाडीत थांबतो.

मूल्यमापन वकिलांनी सुचवलेल्या स्वतंत्र व्यक्तीकडून करून घेतलं. सहा आठवडे उपचार. ब्यूप्रेनॉर्फिन चालू आहे. प्रोग्रॅमने आधी कां-कू केलं, वकिलांनी एक पत्र पाठवलं, मग विषय निघाला नाही. करारातली कबुलीची दोन वाक्यं बदलून मिळाली. एक मिळालं नाही, ते तसंच आहे आणि अजून टोचतं.

नोकरी मिळायला चौदा अर्ज लागले. डायलिसिस सेंटर आहे, दिवसपाळी, नार्कोटिक्स जवळपास नाहीतच. पगार कमी. पहिल्या दिवशी मॅनेजर म्हणाली, तुझे पेपर वाचले आहेत, चल तुला मशीन दाखवते. एवढंच. टेस्टचा खर्च जड जातो आणि दोन खोल्यांच्या घरात राहायला गेलो आहोत. कडूनिंब म्हणतात तसं यात अन्याय आहेच, सगळ्यांना एकच माप लावतात. माझ्यापुरतं ते माप बसलं.

नागरिकत्वाचा अर्ज वकिलांच्या सांगण्यावरून पुढे ढकलला आहे.

कडूनिंब, २१ जुलै

ते टोचणारं वाक्य पाठवा, माझ्या वकिलांना दाखवतो. कदाचित पुढच्या कोणाला उपयोगी पडेल.

नवीन_पाखरू, ९ ऑक्टोबर

हा धागा रात्रभर जागून वाचला. मी पण नर्स, कालच सही केली. प्रश्न अगदी छोटा आहे, कोणाला विचारू कळत नाही. आई दिवाळीला येतेय आणि वर्षभराचा गोडा मसाला करून आणतेय. त्यात खसखस असते. भाजून दळलेली, तीही चमचाभर. चालेल का? तिला काहीच माहीत नाही.

सोनटक्का, ९ ऑक्टोबर

नाही, चालणार नाही. भाजल्याने कमी होत असेल, पण करारात 'नाही' लिहिलं असलं की चमचा किती मोठा होता हे कोणी विचारत नाही. आईला आजच फोन करा आणि खसखस वगळून करायला सांगा. मसाल्याची चव फारशी बदलत नाही, मी या उन्हाळ्यात तसाच केला, खोबरं आणि तीळ थोडे जास्त घातले. कारण विचारलं तर म्हणा की इथे टेस्टमध्ये येतं. ते खरंच आहे. बाकीचं सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

अनारसे रव्यावर किंवा तिळावर थापले तरी होतात. मोजमाप विपुत टाकते. आणि सकाळचं चेक-इन चुकवू नका, पहिल्या महिन्यात दोन गजर लावा.